कार्तिकात सुरू होणारं वर्ष

तुळशीचं लग्न झालं की सिंधुदुर्गातल्या दशावतारी मंडळांचं, म्हणजे जत्रेत रात्रभर पुराणकथांची नाटकं करणाऱ्या मंडळांचं, वर्ष सुरू होतं. कार्तिकातल्या पहिल्या जत्रेपासून मिरगाचा पाऊस येईपर्यंत मंडळाची गाडी रोज नव्या गावात. रात्रभर नाटक, पहाटे सामान गाडीत, दुपारपर्यंत झोप, संध्याकाळी पुढचं देऊळ. ‘रातचो राजा, सकाळी डोक्यार बोजा’ असं आमच्याकडे म्हणतात. नऊवारीत अख्खी रात्र गाजवलेला स्त्री-पार्टी नट सकाळी आपली ट्रंक आपणच उचलून गाडीत टाकताना पाहिला की त्या म्हणीत काही वाढवून सांगितलेलं नाही हे पटतं.

सरकारी हिशेबाचं वर्ष मात्र एप्रिलला सुरू होतं आणि मार्चअखेर मिटतं, म्हणजे जत्रा आणि नवसाची नाटकं ऐन भरात असताना. परदेशी मदतीवर आमच्या एका मंडळाबरोबर मी जो प्रकल्प चालवला, त्यातली निम्मी धडपड या दोन वर्षांचा मेळ घालण्यात गेली. तो सगळा प्रवास लिहून ठेवते आहे, कारण आता गावोगावची मंडळी मला विचारतात की अर्ज कसा करायचा. अर्ज कसा करायचा हे सांगता येतं. पण अर्जाच्या आधी आणि नंतर जे करावं लागतं ते जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते कुणी सांगत नाही.

मी कुडाळ तालुक्यातली. एका लहान सांस्कृतिक संस्थेचं काम बघते. युरोपातल्या एका कलानिधीचा असा कार्यक्रम होता: निरनिराळ्या देशांत, आपापल्या गावात कलेचं काम उभं करणारी माणसं निवडायची, त्यांना पैसा द्यायचा, अनुभवी माणसांचं मार्गदर्शन द्यायचं आणि एकमेकांची ओळख करून द्यायची. अशी मदत देणाऱ्या संस्था जगात बऱ्याच आहेत. ॲमस्टरडॅमचा प्रिन्स क्लाउस फंड १९९६ पासून काम करतो. उमेदीच्या कलावंतांसाठीचा त्यांचा ५,००० युरोंचा पुरस्कार कशावर खर्च करायचा याची अट घालत नाही. युनेस्कोचा सांस्कृतिक वैविध्यासाठीचा निधी एका प्रकल्पाला १ लाख डॉलरपर्यंत देतो. आपल्याकडे बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९५ पासून अनुदानं देते आहे, आणि भारतीय भाषांत लिहिलेले अर्ज घेते. आम्हाला मदत केलेल्या निधीचं नाव मी बाजूला ठेवते, कारण त्यांच्याशी झालेले वादही मला सांगायचे आहेत.

प्रकल्प कशाचा होता ते आधी सांगते. दशावताराचे दोन भाग. पहिला आडदशावतार: सूत्रधार येतो, रिद्धिसिद्धीसह गणपती येतो, सरस्वती, भटजी, मग वेद चोरणारा काळा संकासूर आणि त्याचा वध करणारा विष्णू. त्यानंतर आख्यान, म्हणजे पुराणातली कथा. आख्यानाला लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी मालक किंवा जुना नट कथा ठरवतो, कोण कोणतं काम करणार ते सांगतो, आणि रात्री माणसं उभी राहून बोलतात. तीन तास, चार तास, पहाटेपर्यंत. रंगमंचावर सामान म्हणजे एक बाकडा. तोच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज.

आज लोक आख्यानाला येतात. जाहिरातीत ‘ट्रिकसीनयुक्त’, म्हणजे चमत्काराची दृश्यं असलेलं, असं मोठ्या अक्षरात असतं आणि त्यात वाईट काही नाही. प्रेक्षक येतो म्हणून मंडळ जगतं. पण आडदशावतार आकसत चालला आहे. गणपतीचं दर्शन झालं, संकासुरानं चार विनोद केले की उरकलं. त्यातली पदं पूर्ण येणारी माणसं वयस्कर आहेत. ती पदं धरून वाजवणारे तर आणखी कमी.

हे मला माहीत होतं, पण अर्जात लिहायचं काय हे माझं मी ठरवलं नाही. अर्जात पहिलाच प्रश्न होता: तुमच्या समाजाची गरज काय, आणि ती तुम्ही कशी ओळखली? तो कागद घेऊन मी एका मंडळाच्या मालकांकडे गेले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. देवळाच्या एका कोपऱ्यात रंगरंगोटी चालली होती. दशावतारात रंगभूषाकार नसतो, ज्याचा तो रंगतो. अण्णा मांडी घालून बसलेले, समोर ट्रंकेच्या झाकणाला टेकवलेला हातभर आरसा, डाव्या तळहातावर खोबरेलात कालवलेला पांढरा रंग. दोन बोटांनी कपाळापासून खाली ओढत होते आणि बोलत होते. मी विचारलं, “अण्णा, तुमका काय होया?”

“माका? माका काय नको गो बाये. माज्या मुरदंगवाल्याक आता साठी लागली. तेच्या जाग्यार मागसून कोण बसतलो, ता लिव.”

मी तेच लिहिलं. सरळ: एका मंडळाला एक पखवाज वाजवणारा, एक पेटी वाजवणारा आणि आडदशावताराची पदं म्हणणारी दोन मुलं तयार करायची आहेत. शिकवणार मंडळातलेच जुने कलावंत, शिकणार त्यांच्याच पंचक्रोशीतली मुलं, आणि शिकायची जागा म्हणजे चालू हंगाम. अर्ज मराठीत लिहिला. त्यांनी भाषांतर करून घेतलं. अण्णांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून जोडलं. सोबत संस्थेची घटना, नोंदणीपत्र, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब.

मुलाखत व्हिडिओवर झाली. निवड समितीतल्या एका बाईंनी विचारलं, चार मुलं, हे फार लहान काम नाही का? मी सांगितलं की मंडळ म्हणजे पंधराएक माणसं. त्यातला एक पखवाजवाला गेला आणि त्याच्या जागी कुणी आला नाही, तर उरलेल्यांनी नाटक कसं करायचं? आणि एक मंडळ थांबलं तर ज्या-ज्या गावांच्या जत्रा परंपरेनं त्या मंडळाकडे आहेत, त्या सगळ्या गावांच्या रात्री रिकाम्या होतात. चार मुलांचा हिशेब त्या गावांपर्यंत जातो. हे त्यांना पटलं असावं, कारण आकड्याविषयी पुन्हा विचारलं नाही.

दुसरा प्रश्न बायकांचा होता. रंगमंचावर सगळे पुरुष, मग स्त्रियांना या प्रकल्पात स्थान काय? प्रश्न रास्त होता आणि मला तो आवडला. आमच्या जिल्ह्यात महिलांची दशावतारी मंडळंही उभी राहिली आहेत, हे मी सांगितलं. आमच्या मंडळातल्या पेटीवाल्या मास्तरांची भाची त्यांच्या घरीच पेटी शिकत होती, हेही सांगितलं. ती पुढे आमच्या शिकणाऱ्यांपैकी एक झाली. तिला घेतलं ते समितीला खूश करायला नव्हे. तिचा हात तयार होता, आणि सूर धरून ठेवण्यात ती त्या वयाच्या मुलांच्या पुढे होती.

निवड झाली आणि मग कायदा आडवा आला.

परदेशातून येणाऱ्या पैशाला विदेशी योगदान (विनियमन) कायदा, २०१० लागू होतो. सगळे त्याला एफसीआरए म्हणतात. तो संस्थांना लागतो तसाच एकट्या माणसालाही. नोंदणी हवी तर संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी, आणि त्या तीन आर्थिक वर्षांत तिनं आपल्या मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. कुडाळातल्या आमच्यासारख्या संस्थेनं १५ लाख आणायचे कुठून? वर्गणी आणि देणग्यांवर चालणारं काम आमचं. पूर्वी मोठी नोंदणीकृत संस्था पैसा घेऊन लहान संस्थेला पुढे देऊ शकत असे. २०२० च्या दुरुस्तीनं तेही बंद झालं. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यावरच यायला हवा. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली.

मला या कायद्याबद्दल जे वाटतं ते स्पष्ट लिहिते. परदेशी पैशावर नजर असावी, याला माझा विरोध नाही. पण या अटींमुळे पैसा मुंबई-पुणे-दिल्लीच्या मोठ्या संस्थांपाशीच थांबतो, आणि ज्या माणसानं गावात कला टिकवून धरली आहे त्याच्यापर्यंत तो कुणाच्या तरी हातूनच पोचतो. परदेशी निधी ‘स्थानिक नेतृत्व’ म्हणतात तेव्हा त्यांना हे माहीत नसतं. आमच्या निधीलाही माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या बचत खात्याचा क्रमांक मागितला होता! तो मी दिला नाही आणि पैसे येण्याआधी सनदी लेखापालाला विचारलं. अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे की निवड झाल्याचं पत्र आलं की पहिला फोन लेखापालाला करा.

वाट निघाली ती अशी. पुण्यातली एक जुनी नोंदणीकृत संस्था, जिच्या उद्दिष्टांत सांस्कृतिक काम आधीपासून होतं, तिनं हा प्रकल्प स्वतःचा म्हणून घेतला. निधीचा करार तिच्याशी झाला. मला प्रकल्पप्रमुख म्हणून नेमलं. मंडळाला अनुदान द्यायचं नाही. ज्यानं शिकवलं त्याला शिकवल्याचं मानधन, ज्यानं वाजवलं त्याला वाजवल्याचा मोबदला, थेट त्याच्या खात्यात, व्हाउचरवर सही घेऊन. शिकवणाऱ्यांचं मानधन प्रशासकीय खर्चात मोजलं जात नाही, ही एक गोष्ट कामाला आली. पुण्याच्या संस्थेतल्या हिशेबनीस बाई कुडाळला येऊन देवळाच्या ओट्यावर बसल्या, प्रत्येक कलावंताचं पॅन आणि पासबुक स्वतः तपासलं, आणि ज्यांचं नाव एका कागदावर एक अन् दुसऱ्यावर दुसरं होतं त्यांची शपथपत्रं करून घेतली. असं काम करणाऱ्या माणसांची नावं प्रकल्पाच्या पुस्तिकेत कधी येत नाहीत. ती यायला हवीत.

मग अंदाजपत्रक. निधीनं पाठवलेल्या तक्त्यात रकाने होते: सभागृह भाडं, कार्यशाळा, प्रशिक्षकांचा निवास, प्रमाणपत्रं, समारोप. आमच्याकडे यातलं काहीच लागत नव्हतं. देऊळ फुकट, निवास म्हणजे देवळाचा मंडप, आणि प्रमाणपत्र घेऊन पखवाज वाजवता येत नाही. आम्हाला लागत होतं ते वेगळंच: शिकाऊ मुलांना नाइट, म्हणजे रात्रीच्या प्रयोगाचा मोबदला, पावसाळ्यात गुरूंना मानधन, एक नवा पखवाज, पायपेटीच्या भात्याची दुरुस्ती, डिझेल.

शिकाऊ मुलाच्या नाइटवर बराच वाद झाला. निधीचं म्हणणं, शिकणाऱ्याला पैसे देण्याची पद्धत नाही, तो लाभार्थी आहे. आमचं म्हणणं, वीस वर्षांचा मुलगा रात्रभर जागून शिकणार असेल तर दुसऱ्या दिवशी तो कामावर जाऊ शकत नाही. आमच्याकडची पोरं गोव्यात हॉटेलात जातात, आता मोपा विमानतळावर जातात, महिन्याच्या महिन्याला पगार घरी देतात. त्याच्या आईला मी कोणत्या तोंडानं सांगू की याला पखवाजाला बसव? राज्य सरकारचं ज्येष्ठ साहित्यिक-कलावंत मानधन आता दरमहा ५,००० रुपये आहे, ते गरजेचंच आहे, पण ते पन्नाशीनंतर. पन्नाशीपर्यंत माणूस कलेत टिकावा यासाठी काय? केंद्र सरकारच्या सांस्कृतिक केंद्रांची गुरु-शिष्य परंपरा योजना आहे, तिच्यात शिष्यालाही विद्यावेतन आहे. तो दाखला मी दिला आणि तो रकाना मंजूर झाला. माझ्या मते पूर्ण प्रकल्पात पैशाचा सर्वांत योग्य उपयोग तिथेच झाला.

कॅलेंडरचं सांगितलं पाहिजे. निधीला तिमाही अहवाल हवा होता, सगळ्या तिमाह्या सारख्या. मी एका कागदावर आमचं वर्ष काढून पाठवलं. जून-जुलै भातलावणी, कुणीही मोकळा नाही. लावणी संपली की श्रावणात संध्याकाळी वेळ मिळतो. गणपतीत सगळे वादक भजनांना बांधलेले. मग कापणी. मग दिवाळी, तुळशीचं लग्न, आणि जत्रा. म्हणजे घरी बसून शिकायचे दिवस लावणी ते चतुर्थी एवढेच. बाकीचं शिक्षण उभ्या हंगामात, रात्री. मार्चअखेर पैसा संपवा म्हटलं तर हंगामाचे शेवटचे महिने कोरडे जातात. निधीतल्या आमच्या मार्गदर्शक बाईंनी तो कागद वाचून करारच बदलून घेतला: दोन आर्थिक वर्षांत पसरलेला, पूर्ण हंगाम पोटात घेणारा. अहवाल तीन ठरले. लावणी झाल्यावर, दिवाळीआधी आणि मिरगात.

हे त्यांना लगेच समजलं याचं कारण निधीनं निवडलेल्या आमच्या गटातली फिलिपिन्सची सहकारी. ती इफुगाव प्रांतातली. तिकडे ‘हुडहुड’ नावाची दीर्घ कथागीतं आहेत, भातकापणीत आणि मयताच्या जागरणात गायली जातात, आणि मुख्य गायिका बहुतेक वृद्ध स्त्रिया. युनेस्कोनं २००१ मध्ये त्यांची दखल घेतली होती. ऑनलाइन बैठकीत मी लावणीचं बोलले आणि ती हसायलाच लागली. म्हणाली, माझाही अहवाल कापणीमुळे अडला आहे. त्यांच्या देशात १९९२ च्या कायद्यानं पारंपरिक कलेतल्या श्रेष्ठ कलावंतांना राष्ट्रीय सन्मान मिळतो, आणि आपली विद्या पुढच्यांना देणं ही त्या सन्मानाचीच जबाबदारी असते. गुरूंच्या भोवती ‘जिवंत परंपरांच्या शाळा’ चालतात. हे ऐकून मला आमच्याकडच्या पुरस्कारांचा विचार आला. शाल देतो, नारळ देतो. विद्यार्थी मात्र देत नाही.

दुसरा सहकारी कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा. तिथे ताडाच्या लाकडी पट्ट्यांची, खाली बांबूच्या नळ्या लावलेली मारिंबा वाजवतात, आणि संतांच्या उत्सवात व मयताला बायका गातात. त्यांच्या संगीताचा मोठा महोत्सव काली शहरात १९९७ पासून भरतो. तो म्हणाला, महोत्सवानं नाव मिळालं, पण तिथल्या मंचाला सोयीची लहान गाणी वाढली आणि रात्रभराची गाणी गावातही कमी झाली. अगदी आमच्या आडदशावताराची गोष्ट. मुंबईच्या नाट्यगृहात अडीच तासांत प्रयोग बसवावा लागतो, तेव्हा सगळ्यात आधी कात्री लागते ती आडदशावतारालाच.

आता सर्वांत मोठा वाद. कराराच्या मसुद्यात एक कलम होतं की प्रकल्पात झालेल्या सर्व चित्रफिती आणि ध्वनिमुद्रणांवर निधीचा हक्क राहील आणि त्या खुल्या ठेवल्या जातील. ज्यानं मसुदा केला त्याचा हेतू चांगला असेल. पण मी तो कागद मंडळात मालवणीत वाचून दाखवला आणि सगळे गप्प झाले. एक जुने नट म्हणाले, “आमचा आख्यान दुसऱ्या मंडळान बगला काय तेंचा झाला.” नवं आख्यान, त्यातली नवी युक्ती, ही मंडळाची त्या हंगामाची कमाई असते.

इथे आपला कायदा कलावंताच्या बाजूनं आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. कॉपीराइट कायदा, १९५७ लेखकाचा हक्क सांगतोच, पण सादर करणाऱ्याचाही स्वतंत्र हक्क मानतो. तो ५० वर्षं टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं तो अधिक भक्कम केला. दशावतारात लिहिणारा कुणी नाही, बोलणारा आहे. म्हणून त्या रात्रीच्या सादरीकरणाचा हक्क बोलणाऱ्याचा. युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयीच्या २००३ च्या कराराच्या अनुषंगानं २०१५ मध्ये ठरलेली नैतिक तत्त्वंही हेच मागतात: ज्यांची परंपरा त्यांची मोकळ्या मनानं, आधी आणि सगळं समजून दिलेली संमती. आम्ही नवीन कलम लिहून पाठवलं. मुद्रणं मंडळाच्या मालकीची. आडदशावताराची पदं आणि पखवाजाचे बोल शिकण्यासाठी खुले. आख्यान खुलं करायचं नाही. निधीला फक्त अहवालापुरते तुकडे, तेही दर वेळी विचारून. आणि कुणीही कलावंत नंतर ‘नको’ म्हणाला तर त्याचा भाग काढायचा.

उत्तर यायला वेळ लागला. त्यांच्या वकिलांनी दोनदा प्रश्न पाठवले. सही होईपर्यंत आम्ही एकही चित्रफीत काढली नाही, आणि पैसाही उचलला नाही. या थांबण्यावर माझ्या संस्थेतलेच काही जण नाराज होते. हाती आलेलं घालवशील म्हणाले. मला मात्र त्या दिवसांत शांत झोप लागत होती. शेवटी कलम आम्ही लिहिलं तसंच राहिलं, आणि पुढच्या वर्षी त्यांनी ते इतर देशांच्या करारांतही घातलं, असं मार्गदर्शक बाईंनी कळवलं. अण्णांनी सही करताना पुन्हा एकदा विचारलं, “बाये, सगळा वाचून दाखयलंस ना?”

श्रावणात शिकवणी सुरू झाली. पखवाजवाल्या काकांच्या पडवीत. पहिले काही दिवस मुलाला वाजवायला मिळालंच नाही. त्याला कणीक मळायला बसवलं. पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणकेचा गोळा थापतात, त्यावर खर्जातला नाद ठरतो. पाणी जास्त झालं तर नाद बसतो, कमी झालं तर गोळा रात्री मधेच सुटतो. जत्रेच्या दिवसांत मध्यरात्रीनंतर दंव पडतं, पुडी सैल होते, तेव्हा विष्णूच्या प्रवेशाआधीच कणीक कमीजास्त करावी लागते. काका बोटाच्या टोकानं गोळ्याची कड दाबून एक थाप मारत, मान हलवत, गोळा काढून परत त्याच्या हातात देत. “परत.” एवढंच. कोणत्या तक्त्यात हे लिहायचं? मी अहवालात कणकेवर अख्खं पान लिहिलं.

पेटीकडे वेगळी अडचण. पायपेटीचा भाता पायानं मारायचा आणि दोन्ही हात सुरांवर. मास्तरांच्या भाचीला बैठ्या पेटीची सवय, पायाची लय धरायला तिला वेळ गेला. ते जमलं तसं तिचं वाजवणं एकदम मोकळं झालं. रात्रीच्या प्रयोगांना ती घरच्या माणसांबरोबर जवळच्या गावांत येत असे, आणि तिथे पहिल्या रांगेत बसलेल्या बायका आख्यान सोडून तिच्याकडेच बघत.

हंगामात ज्या रात्रीची सगळ्यांना वाट होती ती एका जत्रेची. पूर्ण आडदशावतार करायचा तर वेळ हवा. आमच्याकडे पालखीच्या प्रदक्षिणा होऊन देव आत गेल्याशिवाय नाटक उभं राहत नाही, आणि तोपर्यंत एक-दीड वाजतो. म्हणजे वेळ मंडळाच्या हातात नव्हता, गावाच्या हातात होता. अण्णा स्वतः मानकऱ्यांना भेटले. गावकऱ्यांची बैठक झाली, आणि त्या वर्षी पालखी लवकर काढायचं ठरलं. निधीनं दिलेल्या पैशातला एक रुपयाही या निर्णयावर खर्च झाला नाही, आणि याच्याशिवाय प्रकल्प पुरा झाला नसता.

पेटाऱ्याची पूजा झाली. सूत्रधारानं पहिलं पद उचललं. रिद्धिसिद्धीची पदं दोन्ही मुलांनी पूर्ण म्हटली, सरस्वती आली, भटजी आला. मग काका पखवाजावरून उठले आणि मुलगा बसला. संकासूर आला, त्यानं वादकांकडे पाहिलं आणि विचारलं, “हो कोण रे नवो? हेचो पगार खंयसून येता, दिल्लीच्या बँकेतसून?” मंडळातले सगळे खो-खो हसले, गावाला त्यातलं निम्मंच कळलं. मुलानं मान वर न करता संकासुराची चाल वाजवायला घेतली. कणीक टिकली.

शेवटच्या अहवालात ‘किती लोकांना लाभ झाला’ हा रकाना होताच. मी आकडा भरला, पण त्याखाली दोन याद्या जोडल्या: हंगामाआधी मुलांना येत असलेली पदं आणि हंगामानंतर येणारी. ज्याला काम समजून घ्यायचं होतं त्यानं त्या याद्या वाचल्या. मार्गदर्शक बाईंनी दोन पदांचे अर्थ विचारले, तेही मी अण्णांकडून विचारून पाठवले.

पैसा संपल्यावर काय झालं हेही सांगायला हवं, कारण तिथे पुष्कळ प्रकल्प मिटतात. पखवाजाच्या मुलाला मंडळ आता स्वतःच्या कमाईतून नाइट देतं. आधी अर्धी होती, यंदा पूर्ण. पदं म्हणणाऱ्या दोघांतला एक मोपाला नोकरीला लागला. सुटी असेल त्या रात्री येतो, रिद्धी करतो. त्याला नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही. पेटीवाली मुलगी कॉलेजात आहे आणि एका महिला मंडळाबरोबर वाजवते. काका अजून वाजवतात, पण उत्तररात्री पखवाजावरून उठतात आणि मुलगा बसतो.

सध्या वेंगुर्ल्याकडच्या एका मंडळाचा अर्ज तयार होतो आहे, या खेपेस देशातल्याच एका निधीकडे, म्हणजे एफसीआरएचा प्रश्न नाही. तो मी लिहून देत नाही. त्यांच्यातला झांज वाजवणारा पदवीधर मुलगा लिहितो, मी वाचून प्रश्न विचारते. त्यानं सगळ्यात आधी जत्रांच्या तारखा मांडल्या आहेत आणि मुद्रणाच्या हक्कांचं कलम करारात कसं असावं ते वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. डिझेलचा रकाना मात्र कमी धरला आहे. तो वाढवायला मी सांगितलं आहे.